१८७१ चा पेन्शन कायदा आणि महाराष्ट्राच्या निवृत्तिवेतन नियमांतला आजचा नियम २६

सेवानिवृत्ताचे निवृत्तिवेतन रोखण्याचा सरकारचा अधिकार थेट ब्रिटिश अमदानीतून आलेला आहे. १८७१ च्या पेन्शन कायद्याने कलम ४ मध्ये दिवाणी न्यायालयांचे दार बंद केले. पेन्शन किंवा रोख वा जमीन महसुलाची देणगी, मग ती ब्रिटिश सरकारने दिलेली असो की आधीच्या राजवटीने, तिच्याबद्दल दावा लावता येत नसे. मुंबई इलाख्यात पेशवाईतल्या सनदाही या तरतुदीत सापडल्या. गाऱ्हाणे जिल्हाधिकाऱ्याकडे न्यायचे, त्याचा दाखला मिळाला तरच कोर्ट प्रकरण ऐकणार, आणि तरीही सरकारवर देण्याचे बंधन येईल असा हुकूमनामा करता येत नसे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच अधिकाऱ्याकडे दाखला मागायचा, ही या कायद्यातली सर्वांत अन्यायकारक गोष्ट.

मात्र कलम ११ आणि १२ खरोखर उपयोगाची होती. सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता येत नसे, आणि पुढे मिळायची रक्कम आधीच लिहून दिली तर तो दस्त रद्दबातल ठरे.

रक्कम किती, हे सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्सच्या, म्हणजे सरकारी नोकरांच्या सेवानियमांच्या, अनुच्छेद ४७४ वरून ठरे. दहा वर्षे भरली की शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरी वेतनाचे १०/६०, पुढे चढत पंचवीस वर्षांना ३०/६०. सरासरी ६० रुपये असेल तर अनुक्रमे १० आणि ३० रुपये. फक्त पूर्ण झालेली वर्षे मोजत. त्यामुळे नऊ वर्षे अकरा महिने नोकरी झालेल्याला पेन्शन नाहीच. त्याला मिळे ते दर पूर्ण वर्षामागे जास्तीत जास्त एका महिन्याचे वेतन, तेही एकरकमी. शिवाय हे सगळे आकडे कमाल मर्यादेचे होते. सेवा पूर्ण समाधानकारक नसेल तर मंजूर करणारा अधिकारी त्यात कपात करू शके. त्याच रेग्युलेशन्सच्या अनुच्छेद ३५१ नुसार निवृत्तीनंतरची चांगली वर्तणूक ही तर कायमची अट. आणि पेन्शनर वारला की विधवेच्या हाती काही नाही.

ही शेवटची उणीव केंद्राने १९५० मध्ये भरायला घेतली. मृत्यू-नि-सेवानिवृत्ती उपदान (ग्रॅच्युइटी) आणि कुटुंब निवृत्तिवेतन आले, पण त्यासाठी मासिक पेन्शन तीस वर्षांच्या सेवेला ३०/८० वर आणली. बहुतेक कुटुंबांना खरा आधार मिळाला तो १९६४ च्या योजनेने.

‘पेन्शन ही सरकारची मेहेरबानी’ हा समज सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात मोडला. पेन्शन ही मालमत्ता आहे, आणि १८७१ च्या कलम ४ मुळे रिट अर्ज (हक्कासाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेला अर्ज) अडत नाही, असे पाच न्यायाधीशांनी ठरवले. १७ डिसेंबर १९८२ च्या डी. एस. नाकारा खटल्याच्या निकालाने, ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वाढीव सूत्रातून वगळणारी तारीख काढून टाकली.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमही १९८२ चेच. त्यातला नियम २६ चांगल्या वर्तणुकीची जुनी अट जशीच्या तशी घेऊन आला, आणि नियम २७ पेन्शन रोखण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार देतो. विभागीय चौकशी चालू असताना निवृत्त झालेल्याला नियम १३० खाली तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते; उपदान मात्र अंतिम आदेश निघेपर्यंत हाती पडत नाही.