तिसरी गोळी

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, जोडीला लघवी वाढवणारी गोळी (पुष्कळदा दोन्ही एकाच गोळीत असतात) आणि गुडघा दुखला की केमिस्टकडून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. यांतलं एकही औषध वाईट नाही. पण मूत्रपिंडं आधीच थकलेली असतील, तर हे त्रिकूट महागात पडू शकतं.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, तेही रक्ताच्या दाबावर. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक रोहिणी असते, बाहेर नेणारी दुसरी. शरीरात पाणी कमी पडलं की प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यं आत येणारी वाट रुंद ठेवतात आणि अँजिओटेन्सिन बाहेर जाणारी वाट आवळतं, म्हणून गाळणीतला दाब टिकतो. लघवीची गोळी मुळात पाणी कमी करते, टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं, वेदनाशामक प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. सावरायचे दोन्ही मार्ग बंद झाले, की गाळण्याचं काम मंदावतं.

ब्रिटनमध्ये रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या ४ लाख ८७ हजार रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन प्रकारची औषधं घेणाऱ्यांपेक्षा तिन्ही प्रकारची घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त दिसलं. पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. ‘चारच दिवस घेतो’ हा दिलासा त्यामुळे फारसा कामाचा नाही.

गाळणं मंदावलं की बाकीची औषधंही अंगात साठू लागतात. मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिन साठलं तर रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकतं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवतंच. स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारंच, पण पोटॅशियम राखणारं औषध) किंवा ट्रायमेथोप्रिम असलेलं प्रतिजैविक सोबत आलं, की आणखी भर. आणि ‘कमी सोडियमचं’ म्हणून कौतुकाने आणलेल्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेलं असतं!

‘माझं क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ यावरही विसंबू नये. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ; तो रक्तात साठला की गाळणं मंदावल्याचं कळतं. पण ते स्नायूंतून येतं, त्यामुळे कृश माणसात ते कमीच दिसतं. १.१ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हा आकडा ३० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषाचा असेल तर नेहमीच्या सूत्राने गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ९७ मिलिलिटर निघते. तोच आकडा ७५ वर्षांच्या, ४५ किलोच्या आजींचा असेल तर जेमतेम ३१. रिपोर्टवर मात्र दोघांपुढेही पुष्कळदा लाल खूण नसते.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर यांतल्या कोणत्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवता येतं. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने मात्र सोडू नयेत. गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत मूत्रपिंडाला बरंच सोसवतं.