कागदावर साठ, वाघिणीत शंभर

12 मे 1989 ची सकाळ. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन घाटातून एक मालगाडी उतरत होती. 69 वाघिणींत ट्रोना भरलेला, म्हणजे धुण्याच्या सोड्याचं कच्चं खनिज. पुढे चार इंजिनं, मागे दोन बँकर, म्हणजे घाटात मदतीला जोडलेली इंजिनं. पायथ्याशी येईपर्यंत तिचा वेग ताशी सुमारे 177 किलोमीटर झाला आणि सॅन बर्नार्डिनो शहरातल्या डफी स्ट्रीटजवळच्या वळणावर ती रूळ सोडून थेट घरांवर गेली. गाडीवरचे दोन कर्मचारी आणि घरांतली दोन लहान मुलं, असे चार जीव गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात पहिला धागा सापडला तो कागदावर. माल पाठवणाऱ्याच्या कागदावर वजनच नव्हतं. कारकुनाने अंदाजाने वाघिणीमागे 60 टन माल धरला. खरा माल होता 100 टन. वाघिणींचं स्वतःचं वजन धरून चालकाला मिळालेला आकडा 6,151 टनांचा, गाडी मात्र 8,900 टनांच्या आसपास.

हा फरक किती मोठा? कॅहोनचा उतार सुमारे 45 ला 1, म्हणजे 45 मीटर अंतरात 1 मीटर उतरण (आपला खंडाळ्याचा घाट याहून खडा, 37 ला 1). अशा उतारावर ताशी 48 किलोमीटरचा वेग कायम राखायचा, तर 6,151 टनांच्या गाडीची सुमारे 16 मेगावॅट ऊर्जा सतत जिरवावी लागते. 8,900 टनांना ढोबळमानाने 23 मेगावॅट. वरचे सात मेगावॅट म्हणजे घरातले साडेतीन हजार गिझर एकाच वेळी चालू ठेवण्याइतकी उष्णता.

ती जिरवायला दोन वाटा असतात. एक डायनॅमिक ब्रेक: इंजिनाच्या मोटरी जनित्रासारख्या चालवून तयार होणारी वीज रोधकांमध्ये तापवून टाकायची. सहापैकी काही इंजिनांचे हे ब्रेक निकामी होते, आणि चालकाला त्याची पूर्ण कल्पना नव्हती. मग सगळा भार एअर ब्रेकवर. त्याचे ठोकळे चाकांवर घासून तापतात, आणि फार तापले की घर्षण कमी होतं. पकड ढिली पडली की वेग वाढतो, आणि वेगाबरोबर दर सेकंदाला जिरवायची उष्णताही वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की एअर ब्रेक कितीही दाबले तरी गाडी हाताबाहेर जाते.

बँकरवरच्या चालकाने शेवटी आपत्कालीन ब्रेक लावला. कोणीही तेच केलं असतं. पण त्या इंजिनांची रचनाच अशी की आपत्कालीन ब्रेक लागताच डायनॅमिक ब्रेक बंद पडत. उरलासुरला आधारही गेला.

त्याच रुळांलगत जमिनीखालून पेट्रोलची 14 इंची पाइपलाइन जात होती. अपघातातून ती वाचली, पण ढिगारा उपसणाऱ्या यंत्रांचा तिला मार बसला. ती पूर्ण लांबीभर उकरून तपासली गेली नाही. 13 दिवसांनी, 25 मे रोजी, ती फुटली आणि त्याच गल्लीत आणखी दोन माणसं जळून मेली.