सुटीवर आलेला जवान: कथेतला आणि खरा

साडेसतराव्या वर्षी मुलगा अग्निवीर होऊ शकतो. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये अशी मिसरूड फुटलेली पोरं तोफखान्याचं प्रशिक्षण घेतात. या वयात उंची बहुतेक पूर्ण झालेली असते, पण मेंदूचा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पंचविशीपर्यंत घडतच असतो. भीतीला आवर घालण्याचं काम मुख्यतः याच भागाचं. मेंदूतला धोका हेरणारा अमिग्डाला मात्र या वयातच पूर्ण जोमात आलेला असतो. युद्धकथांचा नायक बहुधा याच वयाचा असल्यामुळे त्याचं शरीर लेखकानं खरं लिहिलंय का, हे पाहायलाच हवं.

लढाईआधीच्या क्षणाचं सर्वांत अचूक वर्णन आपल्याकडे गीतेच्या पहिल्याच अध्यायात आहे. अर्जुनाची गात्रं गळतात, तोंडाला कोरड पडते, अंग कापतं, काटा येतो, हातातलं गांडीव निसटतं. अॅड्रेनालिन वाढलं की स्नायू थरथरतात, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकुंचन पावतात आणि पाचनाचं काम मागे पडून लाळ आटते. इतका कसलेला योद्धाही यातून सुटत नाही. ही भित्रेपणाची खूण नव्हे, शरीराची तयारी आहे.

कथा जास्त चुकतात त्या यानंतर, जवान घरी आल्यावर. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटतो आणि तो स्वतःला जमिनीवर झोकून देतो, हा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. खोटा नाही, पण अपुरा आहे. दचकण्याची क्रिया मेंदूच्या बुंध्यातून होते. आवाज झाल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागात पापणी मिटू लागलेली असते, विचाराला तिथे वावच नसतो. देवळालीच्या फायरिंग रेंजलगतच्या गावांतली माणसं तोफांच्या आवाजाला सरावतात, कारण आवाजामागे इजा येत नाही हे मेंदू शिकतो. पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार, झालेल्या जवानात नेमकं हेच नीट घडत नाही. प्रयोगात एकसारखे मोठे आवाज ऐकवले तरी अशा लोकांचं हृदय इतरांपेक्षा जास्त वेगानं धडधडत राहतं. आणि निमित्त स्फोटच असावं असंही नाही. डिझेलचा वास, ओल्या मातीचा वास किंवा कुणी मागून येऊन उभं राहणंही पुरतं.

१९२९ साली आलेल्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीत एरिक मारिया रेमार्कनं हे ओळखलं होतं. सुटीवर आलेला त्याचा कोवळा शिपाई ट्रामच्या कर्कश आवाजानं दचकतो, कारण त्याला तो येणाऱ्या तोफगोळ्यासारखा वाटतो. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा प्रसंग. आपल्या खोलीतली आवडती पुस्तकं समोर आहेत, आणि त्याला काहीच वाटत नाही. भावना बधिर होणं हे पीटीएसडीचं अधिकृत लक्षण आहे. घरच्यांना ते भीतीपेक्षा जास्त बोचतं आणि कथांमध्ये सर्वांत कमी येतं.

भूतकाळ डोळ्यांसमोर सिनेमासारखा सलग उलगडतो, हेही फारसं खरं नाही. आठवण तुकड्यांत येते: एक बूट, एक किंकाळी, शिट्टीचा आवाज. बऱ्याचदा तो तुकडा सर्वांत भयंकर क्षणाचा नसून त्याच्या जरा आधीचा असतो. मेंदूनं तो इशारा म्हणून जपलेला असतो.

रात्री कथेतला फौजी रम घेतो. झोप लवकर लागते, स्वप्नांची झोप रात्रीच्या पूर्वार्धात दबते आणि उत्तरार्धात उसळून येते. म्हणून पहाटे घामाघूम होऊन उठणं जास्त, आणि दुसऱ्या दिवशी पेग मोठा.

सर्वांत मोठी चूक शेवटी होते. आईच्या कुशीत तो एकदाचा रडतो आणि बरा होतो. जुनी भीती अशी पुसली जात नाही. तिच्या शेजारी सुरक्षिततेची नवी आठवण रुजवावी लागते, आणि जागा बदलली की जुनी पुन्हा डोकं वर काढते. एका प्रस्थापित उपचारात साधारण ८ ते १५ आठवडे, आठवड्याला एक, तास-दीड तासाची बैठक असते. जवान प्रसंग वर्तमानकाळात सांगतो, त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकतो. टाळत असलेल्या गोष्टींची तो यादी करतो आणि प्रत्येकीला भीतीनुसार ० ते १०० गुण देतो. समजा, नाशिकच्या रविवार कारंजा चौकातल्या गर्दीला ६० गुण आहेत. तिथे जायचं आणि भीती निम्म्यावर येईपर्यंत, बहुधा अर्धा-पाऊण तास, थांबायचं. पाचव्या मिनिटाला पळून आला, तर पळालो म्हणून वाचलो, एवढंच मेंदू शिकतो. सुरुवातीचे काही आठवडे त्रास वाढू शकतो, आणि नेमके तेव्हाच अनेक जण सोडून देतात. घरच्यांनी हे आधीच जाणून घेतलेलं असावं.

लक्षणं महिन्याहून अधिक टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. लढून आलेल्या बहुतेक जवानांना हा आजार होत नाही, हेही कथा लिहिणाऱ्यानं विसरू नये.