मैत्री आणि आरोग्य

मैत्री आणि आरोग्य : रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याबाहेर, आपखुशीने जोडलेल्या निकट स्नेहाचा शरीर व मनाच्या स्वास्थ्यावर होणारा परिणाम.

‘मित्र’ शब्दाच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. यास्कांनी (इ. स. पू. सु. ५ वे शतक किंवा त्याआधी) निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या ग्रंथात मित्र या देवतेच्या नावाची फोड ‘प्रमीतेः त्रायते’, म्हणजे मरणापासून राखतो तो, अशी केली. वैयाकरण ‘मिद्’ (स्निग्ध होणे) हा धातू पुढे करतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०७ मध्ये शब्दाचा मूळ अर्थ ‘करार’ असल्याचे मांडले. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील ‘मिथ्र’ (करार) या शब्दाशी ताडून पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. संस्कृतात सूर्य या अर्थी हा शब्द पुल्लिंगी, तर स्नेही या अर्थी नपुंसकलिंगी आहे. यास्कांची फोड भाषाशास्त्राला मान्य नसली, तरी प्रस्तुत विषयाला मात्र ती चपखल बसते.

कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात १९६५ मध्ये पाहणी झालेल्या ६,९२८ प्रौढांचा नऊ वर्षे मागोवा घेऊन बर्कमन व साइम या संशोधकांनी १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे लागेबांधे सर्वांत कमी, अशा पुरुषांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त लागेबांधे असलेल्यांच्या २.३ पट, तर स्त्रियांत २.८ पट आढळले. आजारी माणसाचे मित्र आपोआप तुटतात, तेव्हा कारण कोणते नि परिणाम कोणता, हा आक्षेप रास्तच. पण सुरुवातीची प्रकृती हिशेबात धरूनही फरक उरला. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे सत्तरीपुढच्या १,४७७ जणांच्या दहा वर्षांच्या अभ्यासात (२००५) मित्रांच्या गोतावळ्याचा आयुर्मानाशी संबंध दिसला, मुलाबाळांच्या व नातलगांच्या गोतावळ्याचा मात्र ठळकपणे दिसला नाही. एकत्र कुटुंबावर भिस्त ठेवणाऱ्या समाजाला हा निष्कर्ष अंमळ टोचणारा आहे.

मैत्री नेमकी कशी उपयोगी पडते, याविषयी दोन मते आहेत : ती सदासर्वदा पोषक असते, किंवा संकटातच ताणाचा आघात झेलते. कोहेन व विल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दोन्हींना आधार सापडल्याचे दाखवले. माणसांत मिसळून असणे पहिल्या प्रकारे उपकारक ठरते, तर गरजेला हाक मारता येईल असा भरवसा दुसऱ्या प्रकारे.

इंदूरच्या मराठी वस्तीत, रामबागेसारख्या जुन्या भागात, हे दोन्ही प्रकार ओटल्यावर दिसतात. निवृत्त मंडळींच्या सकाळच्या बैठकीत प्रकृतीची चौकशी सहसा कोणी करत नाही. पण एखादा दोन दिवस फिरकला नाही, की तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याची कडी वाजवतो. रक्तदाबाची गोळी विसरल्याचे पुष्कळदा तेव्हाच उघड होते.

संगतीचे अपायही नोंदले आहेत. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १२,०६७ जणांच्या माहितीवरून क्रिस्टाकिस व फाउलर यांनी २००७ मध्ये मित्र लठ्ठ झाल्यास आपणही तसे होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते असे मांडले; त्यांच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर पुढे टीका झाली. इंदुरी फेरफटका मात्र शेव व जीरावन मसाला भुरभुरलेल्या पोह्यांच्या गाडीपाशीच संपतो, आणि मधुमेही मित्र जिलबी दोघांत अर्धी-अर्धी करून खातात.