विमान कुठून येतं आणि आपले पैसे कुठं जातात: सुट्टीचं तिकीट काढायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

मे महिन्याचं बुकिंग सुरू झालं की आमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात रोज कोण ना कोण विचारतंच, "फेब्रुवारीत भाऊजी गेले तेव्हा श्रीनगरचं तिकीट एवढं स्वस्त होतं, मग आमच्या वेळीच डबल कसं काय ओ?" प्रश्न रास्त आहे, पण काउंटरवर दोन मिनिटात त्याचं उत्तर देता येत नाही, मागं चार माणसं उभी असतात, म्हणून हे पत्रक काढलंय. घरी नेऊन निवांत वाचा.

हे समजायला आपल्या भागात साखर कारखान्यासारखं दुसरं उदाहरण नाही. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं, मार्चपर्यंत रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि मग निम्मं वर्ष सगळी मशिनरी गप्प उभी, पण कर्जाचं व्याज आणि कायम कामगारांचा पगार काही थांबत नाही. फक्त सुट्टीच्या प्रवाशांवर चालणारी विमान कंपनी अगदी तशीच असते बघा. युरोपात टुई, काँडोर, जेट२ अशा कंपन्या आहेत, त्यांची खरी कमाई उन्हाळ्याच्या चार महिन्यांत होते आणि त्याच पैशावर हिवाळा काढायचा असतो. विमान भाड्यानं घेतलेलं असेल तर त्याचं भाडं मात्र ते उडो न उडो, दर महिन्याला द्यावंच लागतं.

मग हिवाळ्यात रिकामी विमानं ठेवायची कुठं? जोतिबाच्या चैत्र यात्रेला एसटी काय करते, दुसऱ्या डेपोतनं जादा गाड्या मागवते, यात्रा संपली की गाड्या परत. विमानांचंही तसंच चालतं, फक्त डेपो दुसऱ्या देशात असतो. कॅनडाच्या सनविंगला गिऱ्हाईक हिवाळ्यात, कारण तिथली माणसं थंडीला कंटाळून मेक्सिको-क्युबाच्या किनाऱ्यावर जातात, आणि टुईला गिऱ्हाईक उन्हाळ्यात, म्हणून कित्येक वर्षं टुईची विमानं हिवाळ्यात कॅनडात आणि सनविंगची उन्हाळ्यात युरोपात अशी अदलाबदल चालायची. तुर्कीच्या कोरेंडनची विमानं हिवाळ्यात आपल्याकडं स्पाइसजेटसाठी उडालेली आहेत. याला वेट लीज म्हणतात, विमान त्यांचं, पायलट त्यांचे, मेंटेनन्स त्यांचा आणि तिकीट आपल्या कंपनीचं. तेव्हा विमानावर भलताच रंग किंवा नाव दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

अमेरिकेतल्या अलीजंटनं वेगळाच हिशोब मांडला. त्यांनी जुनी वापरलेली एमडी-८० विमानं स्वस्तात घेतली आणि मंगळवार-बुधवारी गर्दी नसते तेव्हा ती सरळ उभी करून ठेवली, कारण स्वस्त विमान उभं ठेवणं परवडतं. नवं महागडं विमान उभं ठेवणं परवडत नाही, ते कसंही करून उडवावंच लागतं, आणि म्हणूनच ऑफ सीझनला तुम्हाला पडेल भावात तिकीट मिळतं.

अजून एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. गोव्यात हिवाळ्यात रशिया-ब्रिटनकडची चार्टर विमानं यायची, त्यांची सीझनची पहिली फेरी येताना भरून आणि जाताना रिकामी, कारण परत न्यायला अजून कुणी आलेलंच नसतं. शेवटची फेरी बरोब्बर उलटी, येताना रिकामी आणि जाताना भरून. त्या रिकाम्या फेऱ्यांचा खर्च मधल्या सगळ्या तिकिटांत वाटून टाकलेला असतो. आपल्या ट्रॅक्सवाल्याचं रिटर्न भाडं, दुसरं काय.

आपल्याकडं निव्वळ सुट्टीवाली मोठी कंपनी नाही. जे विमान सकाळी पुण्याहून दिल्लीला ऑफिसची माणसं नेतं तेच पुढं श्रीनगरला पर्यटक नेतं, मे महिन्यात त्या बाजूला जादा फेऱ्या लावतात पण मागणी त्याहून जास्त वाढते. लेहचं तर अजून अवघड आहे, विमानतळ साडेदहा हजार फुटांवर, दुपारी वारं सुटतं, हवा विरळ, म्हणून बहुतेक विमानं सकाळीच उतरून सकाळीच परत निघतात. कंपनीकडं कितीही विमानं असली तरी सकाळचे तास तेवढेच, मग तिकीट महागणारच. लेहला जायचं असेल तर आमच्याकडं डिसेंबरातच या, एप्रिलात आलात तर आम्हालाही काही करता येत नाही.

आता आपल्या उजळाईवाडीचं, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळाचं. इथनं जी विमानं उडतात ती लहान, एटीआरमध्ये ७८ सीट, स्टार एअरच्या मोठ्या एम्ब्रेअरमध्ये ७६. तेच विमान दिवसभर तीन-चार गावं फिरत असतं, त्यामुळं सकाळी दुसरीकडं धुकं पडलं की आपलं दुपारचं विमान लेट. त्यात उडान योजनेत सरकार कंपनीला घाटा भरून देतं ते तीन वर्षंच, ती मुदत संपली आणि सीट भरत नसल्या की विमान दुसऱ्या रूटला जातं, देशात असे कितीतरी रूट बंद पडलेत. विमान असं लेट होतं म्हणून कोल्हापूर-हैदराबाद आणि पुढचं विमान वेगवेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये कमीत कमी पाच तास ठेवा, आम्ही तर पहिल्या दिवशी हैदराबादला मुक्कामच सुचवतो. एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं विमान लेट झालं तरी पुढची जबाबदारी कंपनीची.

पैशाचं बघू. आपल्या देशात विमान कंपनीच्या खर्चात ४० टक्क्यांच्या आसपास नुसतं इंधन, त्याचा भाव दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, ते जीएसटीत नाही म्हणून राज्याचा व्हॅट वेगळा. विमानाचं भाडं आणि इंजिनाची दुरुस्ती डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरला की कमाई तीच आणि खर्च वाढला. आयाटा या जागतिक संघटनेनं जून २०२५ मध्ये अंदाज दिला होता की जगभरात एका प्रवाशामागं कंपनीला निव्वळ नफा सव्वासात डॉलरच्या आसपास सुटतो, म्हणजे सहाशे रुपयांच्या घरात. एवढ्याशा नफ्यावर एखादा झटका बसला की झालं. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनात धातूचा दोष निघाला आणि पुढं एकट्या इंडिगोची ७० हून जास्त विमानं जमिनीवर बसली, गो फर्स्ट तर त्या आधीच मे २०२३ मध्ये इंजिनांचं कारण सांगून बंद पडली.

आणि थॉमस कुक. टूर कंपन्यांतलं १८४१ पासूनचं ब्रिटनमधलं नाव, २३ सप्टेंबर २०१९ ला बंद, दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले. (भारतातली थॉमस कुक वेगळी कंपनी, तिला काही झालं नाही.) उन्हाळ्याची कमाई नुकतीच झालेली असताना कंपनी बुडाली कशी? कारण सीझन संपला की हॉटेलांची बिलं द्यायची वेळ येते आणि पुढच्या वर्षीचे ॲडव्हान्स अजून आलेले नसतात. तिथं एटॉल नावाची योजना आहे, पॅकेजच्या प्रत्येक माणसामागं अडीच पौंड जमा होतात, त्यातनं आणि सरकारच्या पैशातनं लोकांना सुखरूप घरी आणलं. आपल्याकडं असा फंड नाही, हे आम्हाला फार लागतं, कारण तुमचा ॲडव्हान्स कुठल्या कष्टाचा असतो ते आम्ही रोज बघतो.

एका दिवाळीला आमची २२ माणसं अंदमानला निघालेली. कागलच्या एका मावशींनी दुधाच्या बिलातनं साठवलेले पैसे रुमालात बांधून आणले होते, टेबलावर पाचशेच्या नोटा सरळ करत दोनदा मोजल्या. निघायला अकरा दिवस असताना कंपनीनं ते विमान काढून दुसऱ्या रूटला लावलं. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्यांचा नियम आहे की दोन आठवड्यांच्या आत कळवलं तर पर्यायी विमान द्या नाहीतर पूर्ण पैसे परत करा, पर्याय दिला तो दोन दिवस उशिराचा. रिफंड यायला वेळ लागला, तोपर्यंत आम्ही पदरचे घालून दुसऱ्या कंपनीची तिकिटं काढली. मावशी जाऊन आल्या, पण त्या आठवड्यात आम्हाला झोप नव्हती.

तेव्हापासून आम्ही काय करतो ते सांगतो. कंपनीनं पगार थकवलेत, विमानं भाड्यानं देणारे कोर्टात गेलेत किंवा सगळे महाग असताना एकच कंपनी कमालीची स्वस्त विकतेय असं दिसलं की त्या कंपनीचं ग्रुप बुकिंग घेत नाही. मोठी रक्कम क्रेडिट कार्डनं भरा असं सांगतो, कारण सेवा मिळाली नाही तर बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो, रोख दिलेल्या पैशाला ती सोय नाही. पीएनआर त्याच दिवशी तुमच्या मोबाईलवर पाठवतो, कंपनीच्या साइटवर टाकून नाव दिसतंय का बघा, आमच्यावर विश्वास आहे म्हणून सोडून देऊ नका. इन्शुरन्स घेताना कंपनीच बंद पडली तर पैसे मिळतात का हे विचारा, पुष्कळ पॉलिसीत ते नसतं.

आणि विमान रद्द झाल्याचं वेळेत कळवलंच नाही तर रिफंडशिवाय भरपाई असते, एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून मोठ्याला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यात जे कमी असेल ते. हवामान किंवा संप असल्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाला मिळत नाही. बुकिंगला तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर घालायला लावतो तो याचसाठी, नंबर चुकीचा असेल तर हा हक्क जातो.

विमानांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. डिसेंबरात काढलेल्या मे महिन्याच्या तिकिटावरची वेळ तोपर्यंत पेन्सिलनं लिहून ठेवा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही फोन करून पक्की वेळ सांगू, मगच उजळाईवाडीपर्यंतची गाडी ठरवा.