लोणच्याच्या बरणीवरचं लेबल: नोंदणी, कागदपत्रं, मजकूर आणि कोड

आमच्या बचत गटाच्या कैरीच्या लोणच्याची पहिली दोन हजार लेबलं रद्दीत गेली. रंग झकास, कैरीचा फोटो झकास, आणि सगळा मजकूर अस्सल मराठीत. एका दुकानदाराने बरणी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, ‘ताई, हे मी नाही ठेवू शकत.’ अन्नपदार्थाच्या लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो. जोडीला मराठी हवी तेवढी लिहा, पण नुसती मराठी चालत नाही. लिपी तीच असल्यामुळे ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. शिवाय वजनाच्या आकड्यापुढे आम्ही ग्रॅमसाठी ‘जीएमएस’ छापलं होतं, तेही चूकच. म्हणून हे सगळं ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने लिहिते. छापखाना त्यात सगळ्यात शेवटी येतो.

सुरुवात नोंदणीपासून. विकण्यासाठी पदार्थ बनवता ना, मग तो घरच्या ओट्यावर बनवला तरी तुम्ही अन्न व्यावसायिकच. अर्ज एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, ‘फॉसकॉस’ या पोर्टलवर ऑनलाइन करायचा. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याकडे जातो. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाखांपर्यंतची उलाढाल असलेल्यांना साधी नोंदणी आणि त्यावरच्यांना परवाना अशी विभागणी केली. हे आकडे आणि शुल्क मधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भराल त्या दिवशी पोर्टलवर दिसेल तेच धरा. नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म ए. त्याला मालकाचा फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. परवान्याचा फॉर्म बी मात्र जाडजूड असतो: जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल वगैरे. लहान उद्योगाने भीतीपोटी उगाच परवान्याच्या मागे लागू नये.

अर्जात पदार्थाचा गट निवडायचा असतो, आणि तिथे घाई नडते. गटांना क्रमांक आहेत: ०४ फळं-भाज्या आणि त्यांचे पदार्थ, १२ मीठ-मसाले, १५ चिवडा-चकलीसारखं खारं खाणं. लोणच्याच्या नोंदणीवर दिवाळीत चकली विकायला काढली तर ती नोंदणीबाहेरची ठरते. पुढेमागे जे करायचं आहे ते आधीच टाकून ठेवा.

मिळतो तो चौदा आकडी क्रमांक. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात म्हणूनच २१५ ने होते. हा क्रमांक एफएसएसएआयच्या बोधचिन्हासह लेबलवर जातो आणि बिलावरही लिहावा लागतो. दुसऱ्या कुणाचा क्रमांक ‘तात्पुरता’ वापरायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका.

आता खरं काम, आणि ते स्वयंपाकघरात होतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, बनवताना जे वजन घातलं त्याप्रमाणे. ‘मूठभर’ आणि ‘अंदाजाने’ इथे चालत नाही. आम्ही काटा घेऊन बसलो तेव्हा कळलं, की आमच्या लोणच्यात कैरीनंतर तेल नव्हे, मीठ येतं. तेलाला नुसतं ‘खाद्यतेल’ म्हणता येत नाही, शेंगदाणा की सरसों हे नावानिशी सांगावं लागतं. मसाल्यांच्या बाबतीत मात्र कायदा मवाळ आहे: सगळे मिळून ‘मसाले’ असं एकत्र लिहिता येतं. आमच्या सीताकाकूंचा जीव त्या दिवशी भांड्यात पडला, त्यांचं प्रमाण गुपितच राहिलं.

पण हिंगाची डबी उलटी करून बघा. बाजारात मिळणाऱ्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. म्हणजे तुमच्या लोणच्यात गहू आला, आणि गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन अॅलर्जनच्या, म्हणजे अॅलर्जी आणू शकणाऱ्या घटकांच्या, सक्तीच्या यादीत आहे. त्या यादीत ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट येतं. घटकांच्या यादीजवळ ‘यात गहू आहे’ असं वेगळं वाक्य हवं. हिंग चिमूटभरच, तेव्हा काय बिघडलं, असं आम्हालाही वाटलं होतं. ज्याला ग्लुटेन सोसत नाही त्याला ती चिमूटही बाधते. मोहरी आपल्या यादीत नाही, पण बरण्या लंडनच्या दुकानात पाठवायच्या असतील तर तिथे ती अॅलर्जनमध्ये मोडते.

टिकवण्यासाठी काही घातलं असेल तर त्याचं काम आणि नाव किंवा आयएनएस क्रमांक (अशा पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिहायचा: ‘परिरक्षक (आयएनएस २११)’ म्हणजे सोडियम बेंझोएट, ‘आम्लता नियामक (आयएनएस २६०)’ म्हणजे अॅसेटिक आम्ल. हे क्रमांक पाहून गिऱ्हाईक दचकतं, हा अनुभव आहे. पण २६० म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल आणि ३३० म्हणजे लिंबातलं सायट्रिक आम्ल, हे समजावून सांगता येतं. घातलेलं लपवलं तर मग सांगायला तोंड राहत नाही.

पोषणमूल्यांचा तक्ता १०० ग्रॅममागे द्यायचा: ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर, एकूण स्निग्ध, त्यातली संपृक्त आणि ट्रान्स, कोलेस्टेरॉल, सोडियम. एका वाढीत, म्हणजे एका वेळी पानात वाढतो तेवढ्यात, दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा जातो, हेही सांगायचं; त्यासाठी दिवसाला २००० किलोकॅलरी आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हा हिशेब धरतात. समजा १०० ग्रॅम लोणच्यात ४००० मिलिग्रॅम सोडियम निघालं, तर १५ ग्रॅमच्या वाढीत ६००, म्हणजे दिवसाचा तीस टक्के वाटा पानाच्या डाव्या कोपऱ्यातच संपला. हा तक्ता दुसऱ्याच्या बरणीवरून उतरवू नका. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल फाइलला लावा.

पदार्थाचं नाव म्हणजे ब्रँडचं नाव नव्हे. ‘आजीची आठवण’ मोठ्या अक्षरात खुशाल छापा, पण आत काय आहे ते ‘आम का अचार’ असं सरळ लिहिलेलं हवं. त्याच्याजवळच शाकाहाराचं चिन्ह: हिरव्या चौकटीत भरीव हिरवा गोल. मांसाहारासाठी आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. सुकट-बोंबलाची चटणी करणाऱ्यांनी जुना गोल वापरू नये. ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘नैसर्गिक’ या शब्दांना २०१८ च्या दाव्यांच्या नियमावलीत अटी आहेत. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर ती कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असावी लागते. आमच्या गटात वर्षानुवर्षं लोणचं घालणाऱ्या चौघी असल्यामुळे ती अट आम्हाला जड गेली नाही.

एवढ्यावर निम्मंच लेबल होतं. उरलेलं वजनमाप (वैधमापन) खात्याचं, म्हणजे २०११ च्या आवेष्टित (पॅकबंद) वस्तू नियमांचं. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन खात्याकडे उत्पादक-पॅकर म्हणून वेगळी नोंदणी करायची असते आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते. लेबलवर निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, एका ग्रॅमचा दर, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल हवा. ४०० ग्रॅमची बरणी १८० रुपयांना असेल तर दर ग्रॅमला ४५ पैसे. इंग्रजीत ग्रॅमसाठी फक्त लहान लिपीतलं ‘जी’ हे अक्षर. ‘जीएम’ नाही, ‘जीएमएस’ नाही. ‘अंदाजे’, ‘किमान’ असले शब्द वजनाला लावायचे नाहीत. आणि ज्या काट्यावर भरता त्याचं मुद्रांकन, म्हणजे खात्याकडून तपासून शिक्का मारणं, झालेलं हवं. इलेक्ट्रॉनिक काट्याला ते दरवर्षी लागतं.

तारखा दोन: बनवल्याची किंवा पॅक केल्याची, आणि वापरण्याची अंतिम तारीख. ‘अमुक महिन्यांपर्यंत उत्तम’ हे ऐच्छिक आहे, त्याने अंतिम तारखेची जागा भरत नाही. तीन महिन्यांपेक्षा कमी टिकणाऱ्या पदार्थावर दिवस-महिना-वर्ष. त्याहून जास्त टिकणाऱ्यावर महिना-वर्ष पुरतं. बॅच (एका वेळी बनवलेल्या खेपेचा) क्रमांक तुमचाच, कुठल्याही पद्धतीने द्या, पण तो वहीत सापडला पाहिजे. कैरी कुठून आली, तेल कोणत्या डब्यातलं, बरण्या किती भरल्या. एक बरणी बुरसली तर त्या वहीवरूनच ठरतं, की चाळीस परत मागवायच्या की चारशे.

बारकोड कायद्याने सक्तीचा नाही. सुपरमार्केट आणि ऑनलाइन दुकानं मागतात म्हणून तो घ्यायचा, आणि घ्यायचा तो जीएस वन इंडिया या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून. त्याची सुरुवात ८९० ने होते. त्याचा अर्थ क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला एवढाच. माल भारतात बनला याची ती खूण नव्हे. प्रत्येक वजनाच्या बरणीला क्रमांक वेगळा, म्हणून २०० आणि ४०० ग्रॅमला एकच कोड लावू नका. जीएसटीचा एचएसएन कोड (करासाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक) लेबलवर नसला तरी चालतो, तो बिलाचा विषय आहे.

चुकीच्या लेबलसाठी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. छापलेली चूक वर स्टिकर चिकटवून झाकायलाही परवानगी नाही. किंमत कमी करायची असेल तरच स्टिकर चालतो, तोही मूळ किंमत न झाकता. तेव्हा पहिली छपाई दोनशेचीच करा. किंमत, बॅच आणि तारखांसाठी चौकट कोरी ठेवा, तिथे दर बॅचला शिक्का मारता येतो. शिक्क्याची शाई तेलकट हाताने पुसली जाते का, ते मात्र एका बरणीवर आधी घासून बघा.