रक्ताला काय काय आठवतं?

दीर्घ निद्रेतून मार्कस हा व्हॅम्पायर जागा होतो, पण कुणाला एक प्रश्न विचारत नाही. आपला काटा काढायला आलेल्या क्रेव्हनचं रक्त तो पितो आणि मधल्या काळात कोणी कोणाला दगा दिला, कोण मेलं, कोण निसटलं, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून झरझर सरकतं. ‘अंडरवर्ल्ड: इव्होल्यूशन’ (२००६) मधल्या व्हॅम्पायर मंडळींसाठी रक्त हे जेवणही आहे आणि दप्तरही. २००३ च्या पहिल्या भागात नायिका सेलीन आपल्या रक्तातूनच व्हॅम्पायरांचा म्होरक्या व्हिक्टरला निरोप देते. दुसऱ्या भागाचं तर कोडंच रक्तात दडलंय. मार्कसच्या भावाला कुठे डांबून ठेवलंय ती जागा सेलीनने लहानपणी पाहिलेली असते. तिला स्वतःला ते धड आठवत नाही, पण तिच्या रक्ताला आठवतं.

समीक्षकांनी हा भाग चांगलाच झोडपला. कथानकात गुंतागुंत फार आहे, हे खरंच. तरी प्रेक्षक टिकले आणि २०१६ पर्यंत या मालिकेचे पाच चित्रपट झाले. सेलीन झालेली केट बेकिन्सेल आणि तिचा काळा चामडी पोशाख हे एक कारण आहेच, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. सगळ्या पडद्यावर पसरलेला निळसर उजेड हे दुसरं. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं, की दिवसा भडक दिसणारी लाल फुलं संधिप्रकाशात काळपट पडतात आणि हिरवी पानं त्यांच्यापेक्षा उजळ दिसतात. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे लाल उतरवून निळा चढवला, की ती रात्र आहे हे आपण बिनतक्रार मान्य करतो.

पण मला वाटतं, खरी ओढ आहे ती शापाच्या जागी आजार आणण्याची. या मालिकेत क्रूस आणि पवित्र पाणी चालत नाही. साथीच्या रोगातून एकटा वाचलेला एक पूर्वज आहे, त्याच्या शरीरात बदललेला विषाणू आहे आणि त्या विषाणूची वंशावळ आहे. प्रेक्षक मग घाबरण्याऐवजी नियम तपासायला लागतो. दुसऱ्या भागात त्याला त्या वंशावळीचं मूळ बघायला मिळतं.

मग रक्तातल्या आठवणींचा नियमही तपासून बघू. तो वाटतो तितका हास्यास्पद नाही. १९६० च्या दशकात जेम्स मॅककॉनेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने चपटकृमींना प्रकाश दिसताच अंग आक्रसायला शिकवलं, त्यांचे तुकडे केले आणि ते न शिकलेल्या कृमींना खाऊ घातले. खाणारे कृमी लवकर शिकतात, असा त्याचा दावा होता. इतरांना तो नीट पडताळता आला नाही आणि विषय टिंगलीचा झाला. २०१८ मध्ये डेव्हिड ग्लान्झमन यांच्या गटाने मात्र विजेचे सौम्य झटके दिलेल्या समुद्री गोगलगायींमधला आरएनए, म्हणजे पेशीतला जनुकीय निरोप वाहणारा रेणू, काढून झटके न बसलेल्या गोगलगायींना टोचला. त्यांना स्पर्श केला तर त्या सुमारे ४० सेकंद अंग आक्रसून राहिल्या, जणू झटके त्यांनाच बसले होते. एरवी हे सेकंदभरात संपतं. ही आठवण म्हणायची की नुसता वाढलेला हळवेपणा, यावर वाद आहे. सेलीनच्या बालपणापासून तर हे कोसभर लांब आहे.

रक्ताची स्वतःची स्मृती मात्र पक्की आहे. भेटून गेलेल्या जंतूंची ओळख आपल्या स्मृतिपेशी जपून ठेवतात. १९१८ च्या फ्लूच्या साथीत लहान असलेल्या आणि पुढे नव्वदी ओलांडलेल्या माणसांचं रक्त शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी त्यात सापडल्या. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे नव्वद वर्षं! रक्तातून हे संरक्षण दुसऱ्याला देताही येतं. बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये धनुर्वाताविरुद्ध संरक्षण मिळवलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचून ते दाखवून दिलं. मार्कसची पंचाईत एवढीच, की तो रक्त पितो. त्या द्रवातलं संरक्षण देणाऱ्या अँटीबॉडी म्हणजे शेवटी प्रथिनंच, पोटात गेली की बहुतेक पचूनच जाणार.

चित्रपटातला विषाणू कुठला, हे ओळखायला मजा येते. मूळ पुरुषाच्या एका मुलाला, म्हणजे मार्कसला, वटवाघूळ चावतं, त्याच्या भावाला लांडगा. युरोपात रक्त पिणारी वटवाघळं मुळातच नाहीत. तशा तिन्ही जाती अमेरिका खंडातल्या, मेक्सिकोपासून दक्षिणेकडे सापडणाऱ्या. पण दोन्ही प्राण्यांच्या चाव्यातून एक रोग होऊ शकतो, तो म्हणजे रेबीज. युरोपातल्या कीटकखाऊ वटवाघळांतही त्याचे भाऊबंद विषाणू आढळतात. ह्वान गोमेझ-अलोन्सो या स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञाने १९९८ मध्ये व्हॅम्पायरच्या समजुतीमागे रेबीज असावा, असं सुचवलं होतं. रुग्णाची झोप उडते, तो चावायला धावतो, पाणी दिसताच घसा आवळतो, प्रखर उजेड आणि उग्र वास सहन होत नाहीत. मला हे निम्मंच पटतं. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येव्हो गावात ज्याला व्हॅम्पायर ठरवलं, त्याचं प्रेत ताजं दिसत होतं आणि तोंडाशी रक्त होतं. तिथे रेबीजची गरजच नाही. कुजताना पोटात वायू साठतो आणि लालसर द्रव तोंडावाटे बाहेर ढकलला जातो. या चित्रपटातल्या दोन भावांना मात्र रेबीज चपखल बसतो. त्यावरची पाश्चरची लस आली १८८५ मध्ये, आणि तोवर एकाचा व्हॅम्पायर आणि दुसऱ्याचा लांडगा होऊन कित्येक शतकं उलटली होती.